एका काट्यावर आठ बंड्या: मल्टिथ्रेड प्रोग्रामचा मेमरी ॲलोकेटर बदलताना

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि इन्व्हर्टरवर माझा डेस्कटॉप जेमतेम तासभर तग धरतो. त्यामुळे "प्रोग्राम जरा हळू आहे, चालतं" ही चैन मला परवडत नाही. काम तसं साधंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पावसाच्या जुन्या नोंदींच्या सीएसव्ही फायली वाचायच्या, ओळी तोडायच्या, गावनिहाय बेरजा करायच्या. प्रोग्राम सी++ मधला. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला समांतर चालणारा एक कामगार, फाईल वाचतो, बाकीचे ओळी तोडतात. चार थ्रेडवर बरा चालायचा. मग आठ कोरचं जुनं मशीन घेतलं, थ्रेड आठ केले आणि वेळ जवळजवळ तेवढाच लागला. वर कोरही पूर्ण भरलेले दिसेनात.

सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात हेच होतं. बंड्या आठ, हमाल आठ, पण काटा एक. नव्या बंड्या आणल्या तर रांग लांबते, माप काही वाढत नाही. माझ्या प्रोग्राममधला काटा होता मेमरी ॲलोकेटर, म्हणजे मॅलॉक आणि फ्री यांच्यामागे बसून मेमरीचे तुकडे देणारी-घेणारी यंत्रणा. तो काटा बदलायला कोडची एक ओळही हलवावी लागत नाही. कसं, ते क्रमाने सांगतो. सगळं लिनक्सवरचं आहे. आज्ञा आणि नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय; टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग लागेल.

आधी थोडं आतलं

बहुतेक लिनक्सवर जो मॅलॉक मिळतो तो ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीचा. त्याचं मूळ डग ली यांच्या डीएलमॅलॉकमध्ये आहे. वोल्फ्राम ग्लोगर यांनी त्याला अनेक थ्रेडसाठी वाढवून पीटीमॅलॉक केलं. त्यात एकाऐवजी अनेक गोदामं असतात, त्यांना ॲरीना म्हणतात. ६४ बिटच्या मशीनवर कोरच्या आठपटीपर्यंत ॲरीना बनू शकतात, म्हणजे आठ कोरला ६४. प्रत्येक ॲरीनाला स्वतःचं कुलूप, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत. २०१७ मध्ये ग्लिबसी २.२६ आली आणि प्रत्येक थ्रेडला स्वतःचा छोटा साठा मिळाला, त्याचं नाव टीकॅश. त्यात ६४ कप्पे, प्रत्येक कप्प्यात मुळात ७ तुकडे, आणि तुकडा १,०३२ बाइटपर्यंतचा. गोदामात न जाता घरातच ठेवलेले रिकामे कट्टे समजा.

हे वाचून वाटेल, मग अडचण कुठे आहे? अडचण कट्टे कुठे भरतात आणि कुठे रिकामे होतात यात आहे. शेतकरी घरून कट्टे भरून नेतो, ते रिकामे होतात व्यापाऱ्याच्या आवारात. तिकडे रिकाम्या कट्ट्यांचा ढीग, इकडे शेतकरी पुन्हा नवे विकत घेतो. माझा वाचणारा थ्रेड मेमरी घेत होता आणि तोडणारे सात थ्रेड ती सोडत होते. सोडणाऱ्याच्या टीकॅशमधले सात तुकडे भरले की पुढचा तुकडा मूळ ॲरीनाच्या दारात परत जातो. लहान तुकडा कुलपाशिवाय आत सरकू शकतो, मोठ्याला कुलूप घ्यावं लागतं. पण सातही जण एकाच दारात. वाचणारा थ्रेडही नवी मेमरी त्याच दारातून मागतोय.

हा प्रश्न जुना आहे. एमरी बर्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये होर्ड नावाचा ॲलोकेटर मांडला तेव्हा दोन दुखण्यांवर बोट ठेवलं होतं. एक वर सांगितलेलं: कट्टे एकीकडे साचतात आणि एकूण मेमरी फुगत जाते. दुसरं जास्त फसवं. बहुतेक प्रोसेसर मेमरी ६४ बाइटच्या पट्ट्यांनी हाताळतात. दोन थ्रेडच्या दोन वेगळ्या छोट्या वस्तू एकाच पट्टीत पडल्या, तर एकाने लिहिलं की दुसऱ्याच्या कॅशेतली (कोरजवळच्या झटपट साठ्यातली) पट्टी बाद होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी एकाच धुऱ्यावरून भांडण.

देवनागरी महाग का पडते

ही गोष्ट मला इंग्रजी लेखांत सापडली नव्हती, म्हणून इथे जरा थांबतो. जीसीसी कंपायलरसोबत येणाऱ्या लिबएसटीडीसी++ मध्ये स्ट्रिंग १५ बाइटपर्यंत असेल तर ती स्ट्रिंगच्या पोटातच मावते, मॅलॉक होतच नाही. क्लँग कंपायलरच्या लिबसी++ मध्ये ही मर्यादा २२ आहे. इंग्रजीत बहुतेक गावांची नावं १५ अक्षरांत बसतात. पण यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळी वेगळी मोजली जातात.

वणी म्हणजे व, ण आणि वेलांटी: ९ बाइट, मावतं. पुसद १२, मावतं. घाटंजी १८, बाहेर. दारव्हा २१, बाहेर. पांढरकवडा २७, म्हणजे शेवटच्या शून्यासकट २८ बाइटची मागणी. ग्लिबसी प्रत्येक तुकड्यामागे ८ बाइटची नोंद ठेवतो आणि १६ च्या पटीत पूर्ण करतो, म्हणजे या एका नावाला ४८ बाइट. जेमॅलॉक तुकड्यागणिक अशी नोंद ठेवत नाही, त्यामुळे तिथे ते ३२ च्या कप्प्यात बसतं. लाखो ओळींत दारव्हा आणि पांढरकवडा येत असतील तर तीच फाईल रोमन लिपीत असताना जो मॅलॉक झाला नसता, तो इथे लाखो वेळा होतो. कोणी इंग्रजी डेटावर तपासून "ॲलोकेटरने फरक पडत नाही" म्हणत असेल, तर त्याच्या डेटावर त्याचं खरं असेल.

पायरी १: आधी मोजा, आणि सकाळी मोजा

बिल्ड कंपायलरच्या ओ-टू या वेगवान पर्यायाने करा. डीबग बिल्डवर मोजलेलं काही कामाचं नाही. एकच फाईल घ्या, ती एकदा वाचून कॅशेत येऊ द्या, मग पाच वेळा चालवून मधला आकडा धरा. वेळ मोजायला शेलमधला टाइम नको. यूएसआर-बिन फोल्डरमधला टाइम पूर्ण मार्ग देऊन, वजा-व्ही पर्यायासह वापरा. तो वेळेसोबत जास्तीत जास्त किती रॅम लागली तेही सांगतो. दोन्ही आकडे वहीत लिहा. नुसता वेळ पाहणारा माणूस पुढे रॅम संपून फसतो.

हेच थ्रेड १, २, ४, ८ करून पुन्हा. एका थ्रेडचा आकडा वगळू नका, तोच मापदंड आहे.

आणि हे विदर्भात लिहिलंच पाहिजे: मे महिन्यात दुपारी मोजू नका. बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतला प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि तुम्ही तो दोष ॲलोकेटरला लावता. मी एकदा सकाळी जुना ॲलोकेटर मोजला आणि दुपारी नवा, मग दोन दिवस नव्याला नावं ठेवत बसलो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच; बॅटरीवर वेग वेगळा असतो.

पायरी २: काटा अडतोय का ते पाहा

पर्फ हे साधन टाका; कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते ते दाखवतं. प्रोग्राम फ्रेम पॉइंटर न काढता बिल्ड करा, पर्फ रेकॉर्ड वजा-जी ने चालवा, मग पर्फ रिपोर्ट उघडा. इंट_मॅलॉक, इंट_फ्री, मॅलॉक_कन्सॉलिडेट ही नावं वर दिसतात का पाहा. एलएलएल_लॉक_वेट_प्रायव्हेट दिसलं तर थ्रेड मॅलॉकच्या आतल्या कुलपापाशी उभे आहेत. पर्फ परवानगी नाकारत असेल तर एसट्रेस वजा-एफ वजा-सी ने चालवा आणि फ्यूटेक्स (कुलपापाशी थांबताना कर्नलला मारलेली हाक) किती वेळा आलं ते बघा. तुमच्या स्वतःच्या म्यूटेक्सचं, म्हणजे कोडमधल्या कुलपाचं, फ्यूटेक्सही त्यातच मोजलं जातं, म्हणून त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नका.

माझा स्वतःचा नियम असा: सगळ्या मॅलॉक-फ्री कुटुंबाचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर हा लेख इथेच बंद करा आणि दुसरीकडे शोधा. बहुधा डिस्क किंवा तुमचं स्वतःचंच कुलूप सापडेल.

पायरी ३: कोड न बदलता ॲलोकेटर बदला

एलडी_प्रीलोड नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतो, सगळी अक्षरं मोठी. त्यात एका लायब्ररीचा पूर्ण मार्ग दिला की लिनक्सचा लोडर ती सगळ्यांच्या आधी चढवतो. त्या लायब्ररीत मॅलॉक आणि फ्री असतील तर प्रोग्राम तेच वापरतो. डेबियन आणि उबुंटूवर लिबजेमॅलॉक२ किंवा लिबटीसीमॅलॉक-मिनिमल४ पॅकेज टाका. मग एकाच ओळीत आधी एलडी_प्रीलोड, बरोबरचं चिन्ह, लायब्ररीचा मार्ग, जागा सोडून तुमचा प्रोग्राम. शेलमध्ये एक्सपोर्ट करू नका, नाहीतर त्यानंतर चालवलेली प्रत्येक आज्ञा त्याच ॲलोकेटरवर चालेल.

चढला की नाही याची खात्री करा, कारण मार्ग चुकला तर लोडर फक्त एक इशारा देऊन जुन्यावरच पुढे जातो, आणि इशारा लॉगच्या गर्दीत हरवतो. प्रोग्राम चालू असताना प्रॉक फोल्डरमधल्या त्याच्या क्रमांकाखालची मॅप्स फाईल उघडा. तिथे लायब्ररीचं नाव हवं. जेमॅलॉकला मॅलॉक_कॉन्फ या व्हेरिएबलमध्ये स्टॅट्स_प्रिंट:ट्रू दिलं तर संपताना तो स्वतःच लांबलचक हिशेब छापतो.

कुठे चालत नाही ते लक्षात ठेवा. पूर्ण स्टॅटिक लिंक केलेल्या (सगळ्या लायब्ररी पोटात घेतलेल्या) प्रोग्रामवर एलडी_प्रीलोडचा काही परिणाम नाही. सेटयूआयडी (फाईलच्या मालकाच्या हक्कांनी चालणाऱ्या) प्रोग्रामवर सुरक्षेसाठी लोडर असे मार्ग मानत नाही. गो भाषेचा रनटाइम स्वतःचाच ॲलोकेटर वापरतो, जो टीसीमॅलॉकच्या कल्पनेवरून बेतलेला आहे. तिथे हा खटाटोप व्यर्थ. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलेल्या बिल्डवर तर करूच नका, दोघेही मॅलॉक आपल्या ताब्यात घ्यायला पाहतात. फोरट्रानवाल्यांना मात्र आनंदाची बातमी: जीफोरट्रानचं ॲलोकेट शेवटी मॅलॉकलाच हाक मारतं, त्यामुळे कृषी विद्यापीठाच्या धाटणीचं जुनं पीक-मॉडेल असेल तरी प्रयोग तसाच चालतो.

पायरी ४: कोणता घ्यायचा

जेमॅलॉक जेसन इव्हान्स यांनी मुळात फ्रीबीएसडीसाठी लिहिला. नंतर फायरफॉक्स, फेसबुक, रेडिस यांनी तो वापरला. रॅम फुगू न देण्यात चांगला, आणि आकडेवारी सर्वांत सविस्तर देतो. इव्हान्स यांनी जून २०२५ मध्ये मूळ प्रकल्पाचा विकास थांबल्याचं लिहिलं, म्हणून नव्या कामासाठी निवडण्याआधी त्याची सद्यस्थिती पाहून घ्या. पॅकेजमधला चालतो, त्याला काही झालेलं नाही.

मी-मॅलॉक मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या डान लायन यांचा, २०१९ चा. नावाचा उच्चार खरोखरच 'मी' असा आहे, त्यामुळे मराठीत त्याच्याबद्दल बोलताना प्रत्येक वाक्य आत्मप्रौढीचं वाटतं. माझ्यासारख्या रचनेत, जिथे एक थ्रेड घेतो आणि दुसरा सोडतो, त्याची युक्ती नेमकी लागू पडते. तो मेमरीची छोटी पानं करतो आणि प्रत्येक पानाला परक्या थ्रेडकडून आलेल्या तुकड्यांची वेगळी यादी देतो. सोडणारा कुलूप न घेता तुकडा तिथे टाकून जातो, मालक सवडीने उचलतो. सगळे एका दारात येण्याऐवजी प्रत्येक पानाचं दार वेगळं झालं. शिवाय लायब्ररी छोटी आहे. दोन दांड्यांच्या नेटवर्कवर डाउनलोड करणाऱ्याला हेही महत्त्वाचं.

टीसीमॅलॉक गूगलचा, पण त्याचे दोन अवतार आहेत आणि लोक त्यात घोळ करतात. पॅकेजमध्ये मिळतो तो जीपर्फटूल्सचा जुना, प्रत्येक थ्रेडला साठा देणारा. गूगलने २०२० मध्ये वेगळा खुला केला तो प्रत्येक कोरला साठा देतो. शेकडो थ्रेड असतील तर ते शहाणपणाचं, पण तो स्वतः बॅझल या बिल्ड-साधनाने बांधून लिंक करावा लागतो. घरगुती आठ कोरसाठी मी एवढा व्याप करणार नाही.

इंटेलच्या टीबीबी या समांतर कामांच्या सी++ लायब्ररीसोबत येणारा स्केलेबल ॲलोकेटर दोन्ही प्रकारे वापरता येतो: टीबीबीमॅलॉक_प्रॉक्सी प्रीलोड करून सगळीकडे, किंवा एखाद्याच व्हेक्टरला टेम्प्लेटमध्ये स्केलेबल_ॲलोकेटर देऊन तेवढ्यापुरता. त्याच्या शेजारी कॅशे_अलाइन्ड_ॲलोकेटर आहे. वर सांगितलेल्या धुऱ्याच्या भांडणावर तो सरळ उपाय, कारण प्रत्येक मागणी नव्या पट्टीपासून सुरू होते. बदल्यात जागा वाया जाते, त्यामुळे गावांच्या नावांसाठी नव्हे, थ्रेडनिहाय बेरजांसाठी.

माझे आकडे मुद्दाम देत नाही. ते माझ्या फायलींचे आणि माझ्या जुन्या मशीनचे आहेत. जेमॅलॉक, मी-मॅलॉक आणि टीसीमॅलॉक हे तिन्ही चालवून बघायला तासभर पुरतो, म्हणजे इन्व्हर्टरच्या एका दमात होतं.

पायरी ५: रॅम आवरणे

वेळ कमी झाला पण रॅम वाढली, असं हमखास होतं. ॲलोकेटर मोकळी झालेली मेमरी लगेच सरकारजमा, म्हणजे लिनक्सला परत, करत नाही; पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवतो. जेमॅलॉक साधारण १० सेकंदांत ती हळूहळू परत करतो. मॅलॉक_कॉन्फ मध्ये डर्टी_डीके_एमएस:१००० दिलं तर ते एका सेकंदावर येतं. बॅकग्राउंड_थ्रेड:ट्रू दिलं तर परत करण्याचं काम वेगळा थ्रेड करतो. ८ जीबीच्या मशीनवर ब्राउझर उघडा ठेवून काम करणाऱ्याला हे दोन पर्याय पुरतात.

ग्लिबसीवरच राहायचं असेल तर मॅलॉक_ॲरीना_मॅक्स हा व्हेरिएबल २ करण्याचा सल्ला जागोजाग मिळतो. तो रॅम कमी करण्याचा उपाय आहे, वेगाचा नव्हे. गोदामं कमी केली की जागा वाचते आणि दारातली गर्दी वाढते. मी तो वेगासाठी लावला होता; सोयाबीनची रांग आणखी लांबली. वेगासाठी ग्लिबसीत बघायचंच असेल तर ग्लिबसी_ट्यूनेबल्स मधला टीकॅश_काउंट ७ वरून काही शेकड्यांवर नेऊन पाहा. नवं काही डाउनलोड न करता होणारा हा प्रयोग आहे, आणि कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

पायरी ६: कायमचं बसवणे

सी किंवा सी++ मध्ये लिंक करताना लायब्ररी जोडा आणि एलडीडी या आज्ञेने ती प्रोग्रामच्या लायब्ररींच्या यादीत आली का बघा. एक पथ्य: ज्याने दिलं त्यालाच परत. एका ॲलोकेटरकडून घेतलेला तुकडा दुसऱ्याच्या फ्रीला दिला की प्रोग्राम तिथेच किंवा, वाईट म्हणजे, तासाभराने भलतीकडेच कोसळतो. सगळीकडे एकच ॲलोकेटर बदलला तर हा धोका नसतो. हाताने काही ठिकाणी स्केलेबल_मॅलॉक आणि काही ठिकाणी साधा फ्री वापरणाऱ्यांना असतो.

रस्टमध्ये १.२८ आवृत्तीपासून ग्लोबल_ॲलोकेटर हे ॲट्रिब्यूट आहे. कार्गोमध्ये मी-मॅलॉकचं क्रेट (रस्टचं पॅकेज) जोडा, मुख्य फाईलमध्ये एक स्टॅटिक जाहीर करून त्यावर ते ॲट्रिब्यूट लावा, झालं. रस्टचे प्रोग्राम १.३२ च्या आधी बहुधा जेमॅलॉकच घेऊन यायचे, १.३२ पासून ते सिस्टमच्या ॲलोकेटरवर आले. त्यामुळे जुनी तुलना वाचताना तारीख बघा. आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये ग्लिबसीऐवजी मसल लायब्ररीचा मॅलॉक असतो, जो अनेक थ्रेडखाली फार लवकर दमतो. तिथे बदल करणं मी ऐच्छिक मानत नाही.

पायरी ७: काट्यावर जाणंच कमी करा

नवा ॲलोकेटर बसल्यावर मी पर्फ पुन्हा उघडला. मॅलॉक खाली गेला होता, पण यादीतून गेला नव्हता. मग लक्षात आलं की जिल्ह्यातल्या गावांची नावं मर्यादित आहेत आणि मी ती प्रत्येक ओळीला नव्याने बनवतोय. प्रत्येक नाव एकदाच एका तक्त्यात ठेवलं, त्याला क्रमांक दिला, आणि ओळ तोडताना स्ट्रिंगऐवजी स्ट्रिंग_व्ह्यू वापरून फक्त क्रमांक शोधला. पांढरकवड्याचे ४८ बाइट आता एकदाच जातात. फक्त एक सावधगिरी: स्ट्रिंग_व्ह्यू मूळ ओळीकडे बोट दाखवतो, म्हणून ओळीची मेमरी काम संपेपर्यंत जिवंत हवी.

ओळींसाठी सी++१७ मधलं पीएमआर वापरलं, म्हणजे मेमरी कुठून घ्यायची ते आपण ठरवण्याची सोय. प्रत्येक गठ्ठ्याला एक मोनोटोनिक_बफर_रिसोर्स. त्यातून मेमरी पुढे पुढे घेत जायची आणि गठ्ठा संपला की सगळी एकदम सोडायची. ते एकाच वेळी दोन थ्रेडनी वापरायचं नसतं, म्हणून गठ्ठा आणि रिसोर्स एकत्रच एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जातात. व्हेक्टरसोबत आतली स्ट्रिंगही पीएमआरचीच हवी, नाहीतर आतली नावं गुपचूप जुन्याच काट्यावर जात राहतात. ही चूक पकडायला मला एक अख्खी रात्र लागली, त्यातले दोन तास अंधारात.

एवढं झाल्यावर तिन्ही ॲलोकेटर आणि ग्लिबसी पुन्हा शेजारी ठेवून चालवले. आठ थ्रेडवर चौघांत डोळ्यांनी सांगता येईल असा फरक उरला नाही. प्रीलोडची ओळ स्क्रिप्टमधून काढून टाकली आणि तिच्या जागी कॉमेंट लिहिली: नवी फाईल आली की पर्फ बघून मगच परत लाव.